चौथी फळी, दहावं घर

बुधवारी सकाळी टपालवाल्या बाई दुकानात शिरल्या तेव्हा त्यांच्या उजव्या पायात नवा बूट होता, डावा हातात होता आणि डाव्या पायात घरातली जुनी चप्पल.

"अर्धा तास," बूट टेबलावर ठेवत त्या म्हणाल्या. "फक्त अर्धा तास चालले, दादा. मग हे."

त्यांनी मोजा खाली ओढला. पावलाच्या वर, जिथे नाडी बांधतो तिथे, कोटाच्या गुंडीएवढा फोड आला होता.

मामांनी कपाळावरचा चष्मा नाकावर आणला, बूट उचलला, आत हात घातला आणि काहीच बोलले नाहीत. मामा गप्प बसले की दुकानातल्या सगळ्यांना काळजी वाटायची. सगळे म्हणजे दोघीच. शिलाईच्या यंत्रावर बसलेली मामी, आणि खिडकीपाशी संगणकासमोर बसलेली भाची. भाची भौतिकशास्त्राची पदवी घेऊन, पुढचा प्रवेश मिळेपर्यंत चार महिने मामांच्या हाताखाली आली होती. चहात साखर घालतानाही ती चमचा सपाट करून घेई, म्हणून मामीने तिचं नाव मोजपट्टी ठेवलं होतं.

दुकान साधं नव्हतं. बाजारातला तयार बूट ज्यांच्या पायात जात नाही अशांसाठी मामा बूट शिवत. कुणाचा एक पाय आखूड, कुणाची बोटं नाहीत, कुणाचं हाड वाकडं सांधलेलं. अशा प्रत्येक पायाचा एक लाकडी फर्मा, म्हणजे त्या पायाच्याच आकाराचा ठोकळा, मामा कोरून ठेवत. त्या ठोकळ्यावर कातडं ओढून बूट घडतो. माणूस तीन वर्षांनी परत आला, तरी फर्मा तयार असतो. बारा फळ्या, दर फळीला चोवीस घरं, दर घरात एक फर्मा.

टपालवाल्या बाईंचं डावं पाऊल जन्मापासून वरून उंच होतं. अकरा वर्षं त्या इथलेच बूट घालत होत्या. पाच महिन्यांपूर्वी एका इमारतीच्या जिन्यावरून पडल्या, गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि दवाखान्यात जुना बूट कात्रीने कापून काढावा लागला. आता गुडघा बरा होता. शनिवारी त्यांना नेहमीची फेरी पूर्ण करून दाखवायची होती. अकरा किलोमीटर, एकशे ऐंशी दारं, आणि मागे हातात कागद घेऊन त्यांचे साहेब.

"लंगडले किंवा मध्येच थांबले, तर फेरी दुसऱ्याला," त्या म्हणाल्या. "मला आतल्या खोलीत बसवतील, पत्रं वेगळी करायला. कायमचं."

"पंख्याखाली बसायला मिळेल की," मामी म्हणाली.

"वहिनी, पाच महिने पंख्याखालीच बसलेय. पंख्याला किती पाती आहेत ते मला पाठ झालंय. एकोणीस वर्षं चालतेय मी. कुठल्या दाराची घंटा बिघडलीय, कुठली म्हातारी दार उघडायला पाच मिनिटं घेते, सगळं मला ठाऊक. मी काही बसायची नाही."

हे त्यांनी आवाज न चढवता सांगितलं. भाचीच्या मनात आलं, ह्या बाई उद्या अनवाणीसुद्धा निघतील.

मामांनी बूट खाली ठेवला. "हा वरून आठ मिलिमीटर तरी घट्ट आहे. असा कसा झाला?" ते फळीकडे गेले आणि ज्यावर हा बूट ओढला होता तो फर्मा घेऊन आले. त्याच्या टाचेवर भाचीने छापून चिकटवलेली पांढरी चिठ्ठी होती. टपालवाल्या बाई, डावा, ४.१.

मामांनी अंगठ्याच्या नखाने चिठ्ठी उचकटली. खाली त्यांच्याच पेन्सिलीतलं पुसट अक्षर होतं. तेही ४.१.

"आकडा तर बरोबर आहे," भाची म्हणाली.

"आकडा बरोबर आहे, पाय चुकलाय," मामा म्हणाले. "मला हाताला तेव्हाच वेगळं लागलं होतं. बाईंचा फर्मा इतका चपटा कसा, असं मनात आलंही. पण म्हटलं, पोरीने यादी केलीय, छापून दिलंय. मग मीच हाताला गप्प बसवलं."

यादी भाचीचीच होती. ती कामाला आली तेव्हा जुन्या लाकडी मांडणीला वाळवी लागली होती. मांडणी काढायची ठरली. प्रत्येक घराखाली गिऱ्हाइकाच्या नावाची कागदी पट्टी ठोकलेली होती, आणि फर्म्यावर फक्त आकडा. तिने एकेक घर पाहत आकडा, नाव आणि फर्म्याची दोन मापं संगणकातल्या तक्त्यात भरली होती. मग जुनी मांडणी पट्ट्यांसकट भट्टीत गेली आणि लोखंडी आली. मामा सगळ्यांना सांगत सुटले होते की आमच्या भाचीने पूर्ण दुकान एका पानात बसवलं.

तिने ते पान उघडलं. चौथ्या फळीपाशी आली आणि थांबली.

४.१ दोनदा होतं. एकापुढे टपालवाल्या बाई, एकापुढे घड्याळं दुरुस्त करणारे घड्याळजी. ४.१० कुठेच नव्हतं. ४.२ दोनदा, ४.२० नाही.

"मामा, तुम्ही आकडा कसा लिहिता?"

"कसा म्हणजे? आधी फळी, मग टिंब, मग घर. चौथी फळी, दहावं घर, तर चार टिंब दहा."

"ह्या संगणकाला ते टिंब म्हणजे दशांशचिन्ह वाटलं," ती हळूच म्हणाली. "चार पूर्णांक दहा शतांश म्हणजे चार पूर्णांक एक दशांश. शेवटच्या शून्याला किंमत नाही म्हणून त्याने ते टाकून दिलं."

मामांनी चष्म्यावरून पाहिलं. "किंमत नाही? त्या शून्यावर ह्या बाईंचा पाय होता."

"मी टाइप केलं होतं, मामा. मी चार पॉइंट दहाच टाइप केलं होतं. पण चौकटीत काय उमटलं ते वर बघितलंच नाही. माझे डोळे पट्ट्यांवर होते." तिने पडद्याकडे बोट केलं. "चूक त्याची नाही. चौकटीत आकडा येणार की नुसती खूण, ते मी त्याला सांगायला हवं होतं. आणि प्रयोगशाळेत तीन वर्षं आम्हाला हेच घोकायला लावलं होतं की वाचन उतरवलं की उतरवलेलं परत वाचा."

"बरं, आता दुरुस्त होतं ना?" बाईंनी विचारलं.

तिने आशेने तो रकाना निवडला आणि टिंबापुढे दोन अंक दाखव असं सांगितलं. लगेच सगळे आकडे भरल्या अंगाचे झाले. पण आता दोन्ही ओळी ४.१० दाखवत होत्या. पहिल्या घराचंही दहावं घर झालं होतं. वरून रंग बदलावा तसं ते होतं. गेलेलं शून्य पडद्याआड लपलेलं नव्हतं, ते कधी साठवलंच गेलं नव्हतं. भरल्याचा क्रम तसाच असता, तर निदान दहावी ओळ दहावी म्हणून ओळखू आली असती. पण पहिल्याच आठवड्यात तिने पूर्ण तक्ता नावांप्रमाणे लावून टाकला होता, आणि त्याबद्दल शाबासकीही घेतली होती.

"टिंबाऐवजी आडवी रेघ दे की," मामा मागून वाकून म्हणाले. "चार रेघ दहा."

तिने तसं टाइप केलं. चौकटीत चार ऑक्टोबर उमटलं.

"ह्याला काय, वाढदिवस वाटला?" मामा म्हणाले. मामी यंत्रावर वाकून हसली, आणि फोड आलेलं पाऊल धरून बसलेल्या बाईही हसल्या. भाची हसली नाही. ती उठली, नव्या मांडणीच्या चौथ्या फळीवरून दुसरा ४.१ चिठ्ठीचा फर्मा काढला आणि त्यावरचा कागद सोलला. खाली मामांची पेन्सिल होती. ४.१०.

"हाच बाईंचा. घड्याळजीच्या नावाने बसला होता."

मामांनी तो हातात घेतला, वरून अंगठा फिरवला आणि त्यांचा चेहरा उतरला. "हा मी घासलाय."

"घासलाय म्हणजे?"

"घड्याळजी आला होता ना तीन आठवड्यांपूर्वी. बूट वरून सैल होतो म्हणाला. मी यादी बघितली, हा उचलला आणि वरून कानस मारली." त्यांनी बाईंकडे पाहिलं. "तुमच्या पायाचा उंचवटा मी काढून टाकला, बाई. ह्या हाताने."

बाहेर कुणीतरी सायकलला कुलूप लावत होतं, त्याचा आवाज आत आला.

"किती काढला?" भाचीने विचारलं.

"कानस मारताना कोण मोजतं?"

"मी मोजलं होतं," ती म्हणाली आणि पुन्हा खुर्चीवर बसली. "कानस लागायच्या आधी. सगळे फर्मे मोजले होते, लांबी आणि वरचा घेर. तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, कशाला वेळ घालवतेस."

"म्हणालो असेन."

"म्हणाला होतात. मामी साक्षीदार आहे."

"मला मध्ये घेऊ नका," मामी म्हणाली, पण यंत्र थांबवून ती जवळ आली.

पडद्यावर दोन ओळी होत्या. आकडे सारखे, पण मापं वेगळी, आणि मापं भरली होती ती पट्टीवरचं नाव वाचून. घड्याळजींची लांबी २४.२, घेर २३.६. बाईंची लांबी २४, घेर २४.४.

नुसतं २४ पाहून ती अडखळली. हे अंदाजाने लिहिलेलं चोवीस की मिलिमीटरपर्यंत पाहिलेलं? दोन्हींत फरक आहे. शेवटचं शून्य सांगतं की मी इथपर्यंत पाहिलं आणि इथे काही नव्हतं. तेही शून्य ह्याने खाल्लं होतं. पण ती स्वतःला ओळखत होती. फीत धरून मिलिमीटर न पाहता ती उठलीच नसती.

तिने फीत काढली. कानस वरच्या बाजूला लागली होती, लांबीला नाही. तेव्हा आधी लांबी. पेन्सिलीने ४.१ लिहिलेला फर्मा २४.२ भरला. ४.१० लिहिलेला बरोबर २४.० भरला. तिने दोनदा मोजलं, मग फीत मामीच्या हातात देऊन तिला मोजायला लावलं.

"चोवीस," मामी म्हणाली. "वर काही नाही."

"घेर?"

"तेवीस आणि नऊ."

"असायला हवा चोवीस आणि चार. म्हणजे पाच मिलिमीटर गेले." भाची मामांकडे वळली. "पाच मिलिमीटर चढवता येतील?"

मामांचा चेहरा बदलला. आता प्रश्न त्यांच्या हातातला होता. "फर्म्यावर कातड्याचे तुकडे चिकटवून उंची वाढवता येते. तासाभराचं काम. पण नवा बूट? कापा, शिवा, फर्म्यावर चढवा, मग दोन रात्री तो फर्म्यावर बसायला हवा. नाहीतर ओलं कातडं पायात पसरतं. आज बुधवार."

"नवा कशाला?" मामी बूट उलटसुलट करत म्हणाली. "वरचं कातडं मी कापलंय. खालच्या कडेला बोटभर जास्त ठेवते मी नेहमी. तळ उसवा, वरचं भिजवा, दुरुस्त फर्म्यावर पुन्हा ओढा. पुरेल."

"पुरेल की तुला वाटतंय पुरेल?"

"वीस वर्षं कापतेय. एकदा तरी कमी पडलंय?"

मामांनी विचार केला. "एकदा."

"ते तुम्ही माप चुकीचं दिलं होतंत."

बाईंनी मोजा वर ओढला. "मी शुक्रवारी संध्याकाळी येते," त्या म्हणाल्या, विचारलं नाही. दारात थांबून भाचीला म्हणाल्या, "पोरी, पत्त्यातला एक आकडा गेला की पत्र कुठेही जातं. आम्ही अशा पत्रांसाठी वेगळं खोकं ठेवतो. पण त्यातली निम्मी तरी शोधून पोचवतोच. मान खाली घालू नकोस."

दुपारपर्यंत मामांनी फर्म्यावर कातड्याचे चार पातळ तुकडे एकावर एक चढवले आणि कडा सुरीने इतक्या बारीक तासल्या की बोटाला सांधा लागेना. मग डोळे मिटून अंगठा फिरवला. "आला."

भाचीने फीत लावली. "चोवीस तीन. एक कमी आहे."

"एक मिलिमीटर?"

"एक."

मामांनी कातड्याचा पाचवा तुकडा कापला. ओलं कातडं फर्म्यावर ओढताना दोघांच्या हाताला घाम फुटला. एक चिमटा मामांचा, एक तिचा, मधे मामी खिळे देत होती. कड पुरली. बोटभर नाही, अर्धं बोट उरली, पण पुरली. पाचच्या सुमारास बूट फर्म्यावर घट्ट बसून कपाटावर वाळायला गेला आणि त्याला कोणी हात लावायचा नाही असं मामीने जाहीर केलं.

पण भाचीचं काम संपलं नव्हतं. बारा फळ्या, दर फळीत एक आणि दहा, दोन आणि वीस अशा दोन जोड्या. चोवीस जोड्या, अठ्ठेचाळीस पाय, आणि त्यातल्या प्रत्येकाला चुकीचा बूट मिळू शकत होता. गुरुवारी सकाळी तिने नवीन पान उघडलं. एकही आकडा भरायच्या आधी पहिला रकाना निवडून त्याचा प्रकार 'मजकूर' असा ठरवला, म्हणजे इथे हिशेब करायचा नाही, जे लिहिलं ते तसंच ठेवायचं. मग टाइप केलं ४.१० आणि पुढच्या चौकटीत गेली. मागे वळून पाहिलं. ४.१० तसंच होतं, डाव्या कडेला चिकटून, शून्यासकट. ४.१ लिहिलं. तेही तसंच. दोघं शेजारी शेजारी, वेगवेगळे. मापांच्या रकान्यांना तिने टिंबापुढे एक अंक कायम दाखवायला सांगितलं, कारण मापं खरोखरचे आकडे होते. २४ चं २४.० झालं.

"दोन्हींना वेगवेगळं सांगावं लागतं?" मामा स्टूल ओढून शेजारी बसले.

"हो. घर ही खूण आहे, माप हा आकडा आहे. ह्याला फरक कळत नाही, आपण सांगायचा."

"मला वाटलं होतं, हा हुशार आहे."

"हुशारच आहे. न विचारता मदत करतो, तीच अडचण आहे."

"तुझ्या मामीसारखा," मामा म्हणाले आणि मागे पाहिलं. मामीला ऐकू गेलं होतं.

मग दोघांनी एक पद्धत बसवली. भाची जोडीतले दोन फर्मे टेबलावर ठेवी. मामा डोळे मिटून हाताने सांगत, हा कुणाचा. ती फितीने मोजून जुन्या तक्त्यातल्या मापांशी ताडून बघे. दोन्ही उत्तरं जुळली तरच नाव लिहायचं, असा नियम. पहिल्या अकरा जोड्यांत मामा एकदाही चुकले नाहीत. बाराव्या जोडीत त्यांनी शाळेतल्या शिपायाचा पाय शिंपिणीच्या नावावर केला.

"फीत चुकतेय," मामा म्हणाले.

तिने फीत त्यांच्या हातात दिली. त्यांनी मोजलं, परत मोजलं आणि फर्मा निमूटपणे दुसरीकडे सरकवला. सोळाव्या जोडीला मात्र फीतच थिटी पडली. दोन्ही फर्म्यांची लांबीही सारखी, घेरही सारखा. मामांनी हात फिरवला आणि पडद्यावरच्या एका नावावर बोट ठेवलं. "हा ह्या आजोबांचा. नव्वद टक्के."

"नव्वदवर मी नाव लिहिणार नाही."

"अगं, नव्वद म्हणजे खूप झाले."

"दहा पायांतला एक सोलवटेल, मामा."

तिने त्या दोन चौकटींत 'माहीत नाही' असं लिहिलं आणि दोन्ही गिऱ्हाइकांना फोन करून पाय दाखवायला बोलावलं. ते आजोबा फोनवर म्हणाले, माझा पाय जागेवरच आहे, तुम्हीच हरवलात का. तिने खरं काय ते सांगितलं. ते म्हणाले, येतो. शुक्रवारी दुपारपर्यंत ती जोडी सोडून सगळं जागेवर होतं, आणि प्रत्येक ओळ मामीने मोठ्याने वाचून फर्म्याशी पडताळली होती.

शुक्रवारी संध्याकाळी बाई आल्या. फर्मा खेचून काढला, तळ बसवलेलाच होता, आतून पुसून बूट त्यांच्या पायात घातला. त्या दुकानातून बाहेर गेल्या, रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन आल्या, पुन्हा गेल्या. परत आल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या, "उद्या कळेल."

शनिवारी सकाळपासून मामा एकच टाच तासत होते. फेरीत हे दुकान एकशे त्रेपन्नावं दार होतं, आणि बाई इथे नेहमी पावणेएकला पोचत. साडेबाराला भाची दाराशी जाऊन उभी राहिली. "आत ये," मामी म्हणाली, आणि स्वतःच तिच्यामागे येऊन उभी राहिली.

पावणेएक वाजले. रस्ता रिकामा होता. बारा पन्नासला कोपऱ्यावरून बाई वळल्या. खांद्यावर पिशवी, पाऊल एकसारखं पडत होतं, डावं, उजवं, डावं. भाची मनातल्या मनात ठेका मोजत होती आणि दोन्ही बाजूंना तो सारखा येत होता. त्यांच्या मागे बऱ्याच अंतरावर एक जाडसर गृहस्थ हातातल्या कागदाने वारा घेत येत होते.

"पाच मिनिटं उशीर झाला," बाई दारात येऊन म्हणाल्या आणि मामांच्या नावाचं एक पाकीट पुढे केलं. "साहेबांसाठी दोनदा थांबावं लागलं."

साहेब आत आले, न विचारता बाकावर बसले आणि पाणी मागितलं. मामीने दिलं. ते पिऊन त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "राहिलेलं लिहून टाकतो मी इथूनच. बाई, तुम्ही व्हा पुढे."

"अजून सत्तावीस दारं आहेत, साहेब."

"मला कळलं तुम्हाला चालता येतं."

"तसं नाही. पत्रं आहेत त्यांची," बाई म्हणाल्या आणि निघाल्या. साहेबांनी पेला खाली ठेवला, एक उसासा सोडला आणि उठून त्यांच्या मागे गेले.

भाची दारात उभं राहून ते दोघं दिसेनासे होईपर्यंत पाहत राहिली. आत आली तेव्हा मामांनी ४.१ चा फर्मा टेबलावर काढून ठेवला होता. घड्याळजींचा खरा फर्मा, जो अजून घासायचाच होता. कानस त्यांच्या उजव्या हाताशी पडली होती. ती त्यांनी उचलली, पुन्हा खाली ठेवली आणि खिशातून फीत काढून तिच्यापुढे धरली.

"आधी माप घे," ते म्हणाले. "आणि लिहिलंस की वर बघ."